संचयरोधी पृष्ठभाग, वैद्यकीय साधनांचे

शरीरात काही काळ किंवा कायमच्या बसविल्या जाणाऱ्या नळ्या, हृदयाच्या कृत्रिम झडपा, कृत्रिम सांधे, पेसमेकर इ. साधनांच्या पृष्ठभागावर प्रथिने, बिंबाणू व सूक्ष्मजंतू चिकटून त्यांचा थर बसतो. या क्रियेला जीवसंचय म्हणतात. असा थर बसूच नये, किंवा बसला तरी तो सहज सुटावा, अशा रीतीने घडविलेल्या पृष्ठभागाला संचयरोधी पृष्ठभाग म्हणतात. जीवसंचय रोखण्याचे दोन मार्ग आहेत : चिकटू पाहणाऱ्या जीवाला विषारी द्रव्याने मारणे आणि पृष्ठभागच असा करणे की, त्यावर जीवाला आधार मिळू नये. पहिला मार्ग जुना असून त्याचा वापर प्रथम जहाजांसाठी झाला. दुसरा मार्ग बव्हंशी निसर्गाच्या निरीक्षणातून सुचलेला आहे. कमळाचे पान, शार्क माशाची त्वचा, कीटकांचे पंख, घटपर्णीच्या कलशाची कड आणि मानवी रक्तातील तांबडी कोशिका हे त्याचे प्रमुख आदर्श होत. पहिल्या मार्गाकडून दुसऱ्याकडे झालेले संक्रमण हाच या विषयाचा इतिहास होय.

समस्येचे स्वरूप : परका पदार्थ रक्ताच्या संपर्कात येताच काही सेकंदांत त्याच्यावर प्रथिनांचा अत्यंत पातळ थर बसतो. प्रथम विपुल असलेली लहान प्रथिने चिकटतात व नंतर त्यांची जागा अधिक घट्ट चिकटणारी मोठी प्रथिने घेतात. या अदलाबदलीचा अभ्यास लिओ व्ह्रोमन (१९१५–२०१४) यांनी १९६० नंतरच्या दशकात केला, म्हणून तिला व्ह्रोमन परिणाम म्हणतात. त्यामुळे यापुढे येणाऱ्या कोशिकांची व सूक्ष्मजंतूंची गाठ मूळ धातूशी किंवा प्लॅस्टिकशी पडत नाही, तर या प्रथिनांच्या थराशी पडते. थरात फायब्रिनोजेन असेल, तर बिंबाणू चिकटून रक्ताची गुठळी होऊ शकते. सूक्ष्मजंतू चिकटले, तर ते स्वतःभोवती चिकट द्रव्य स्रवून वसाहत करतात. या वसाहतीला जैवपटल म्हणतात. जैवपटलातील सूक्ष्मजंतूंवर प्रतिजैव पदार्थांचा व शरीराच्या संरक्षक कोशिकांचा प्रभाव फारच कमी पडतो. परिणामी औषधाने ताप उतरतो, औषध थांबविताच तो पुन्हा येतो, आणि पुष्कळदा साधन काढून टाकण्यावाचून दुसरा उपाय उरत नाही. मूत्राशयातील नळी बदलणे सोपे असते. परंतु हृदयाची झडप किंवा खुब्याचा कृत्रिम सांधा काढणे म्हणजे रुग्णाला दुसऱ्या मोठ्या शस्त्रक्रियेला सामोरे नेणे होय.

सागरी पूर्वपीठिका : जहाजाच्या पाण्याखालील भागावर शैवले, बार्नेकल, कालवे, शिणाणे इ. जीव चिकटल्याने जहाजाचा वेग मंदावतो. लाकडी जहाजांना याखेरीज लाकूड पोखरणाऱ्या जीवांचाही उपद्रव होई. यावर उपाय म्हणून ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. वेस्ट इंडीजकडील सफरीनंतर तळ स्वच्छ आढळला. पण तांब्याच्या सान्निध्यात लोखंडी खिळे मात्र झिजून गेले होते. पुढे तांबेही समुद्राच्या पाण्यात झिजते, ही तक्रार हंफ्री डेव्ही (१७७८–१८२९) यांच्याकडे आली. त्यांनी १८२४ मध्ये तांब्याला लोखंडाचे वा जस्ताचे तुकडे जोडून विद्युत् रासायनिक रीतीने ही झीज थांबविली. तथापि झीज थांबताच पत्र्यावर पुन्हा जीव चिकटू लागले, व नौदलाला ती योजना सोडून द्यावी लागली. तांबे स्वच्छ राहत होते ते विरघळत होते म्हणूनच, ही गोष्ट या अपयशातून स्पष्ट झाली. विष पाझरत असेल तोवरच पृष्ठभाग स्वच्छ राहतो, आणि विष पाझरणे म्हणजे ते संपत जाणे व आसपास पसरणे होय.

या दुसऱ्या दोषाचा ठळक प्रत्यय विसाव्या शतकात आला. १९६० नंतरच्या दशकात ट्रायब्युटिल टिन हे कथिलाचे कार्बनी संयुग असलेले रंग जहाजांसाठी प्रचारात आले. ते अतिशय परिणामकारक होते. परंतु फ्रान्समधील आर्काशाँ उपसागरातील कालवांची पैदास त्यांमुळे ढासळली व कालवांच्या शिंपांत विकृती दिसू लागल्या. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान नौकांवर या रंगांच्या वापरास बंदी घातली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये संमत केलेला यासंबंधीचा करार २००८ मध्ये अंमलात आला. मारण्याऐवजी चिकटू न देणारे पृष्ठभाग शोधण्यासाठी नौदलांनी व संशोधन संस्थांनी जे प्रयत्न केले, त्यांना या घडामोडींमुळे जोर आला. भारतात गोव्यातील दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत (स्थापना १९६६) सागरी जीवसंचयावर संशोधन झालेले आहे. पुढे वर्णन केलेल्या वैद्यकीय पृष्ठभागांपैकी काहींचा उगम या सागरी संशोधनात आहे.

जैवपटलाचे ज्ञान : पृष्ठभागावर वसलेले सूक्ष्मजंतू प्रथम पाहिले ते अंतोनी व्हान लेव्हेनहूक (१६३२–१७२३) यांनी. दातांवरील किटणात आढळलेल्या हालत्या जीवांचे वर्णन त्यांनी १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात केले. व्हिनेगरने किटणाच्या बाहेरच्या भागातील जीव मरतात, आतले मरत नाहीत, असेही त्यांना दिसले होते. मात्र एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मजंतुविज्ञानाचा पाया घातला गेला तो द्रव माध्यमात किंवा जेलीवर वाढविलेल्या शुद्ध संवर्धनांवर. त्यामुळे सूक्ष्मजंतू म्हणजे द्रवात सुटा तरंगणारा जीव, हीच कल्पना रूढ झाली. १९३३ मध्ये आर्थर हेन्रिची यांनी तळ्यात काचपट्ट्या बुडवून त्यांवर चिकटणारे सूक्ष्मजंतू तपासले. १९४३ मध्ये क्लॉड झोबेल यांनी समुद्राच्या पाण्यातील सूक्ष्मजंतूंवर घन पृष्ठभागांचा काय परिणाम होतो, हे दाखविले. ही दोन्ही कामे जलाशयांसंबंधी असल्याने वैद्यकाचे त्यांकडे फारसे लक्ष गेले नाही.

याच काळात शरीरात बसविण्याची साधने झपाट्याने वाढत होती. फ्रेडरिक फोली (१८९१–१९६६) यांनी १९३० नंतरच्या दशकात मूत्राशयात टिकून राहणारी फुगायुक्त नळी प्रचारात आणली. १९५८ मध्ये स्वीडनमध्ये संपूर्णपणे शरीरात बसविलेला पहिला पेसमेकर वापरला गेला. १९६० पासून हृदयाच्या कृत्रिम झडपा व १९६२ पासून जॉन चार्नली यांचा खुब्याचा कृत्रिम सांधा यांचा वापर होऊ लागला. साधनांबरोबर त्यांचे संक्रामणही आले, पण ते वरचेवर का उलटते याचा उलगडा होत नव्हता.

हा उलगडा करण्याचे श्रेय मुख्यतः जे. विल्यम कॉस्टर्टन (१९३४–२०१२) या कॅनेडियन शास्त्रज्ञांकडे जाते. डोंगरी ओढ्यांतील दगडांवरचे निसरडे थर आणि प्राण्यांच्या आतड्यांतील सूक्ष्मजंतू यांचा अभ्यास करताना, निसर्गात बहुतेक सूक्ष्मजंतू चिकट आवरणात वसाहती करूनच राहतात, असे त्यांच्या लक्षात आले. हा विचार त्यांनी सहकाऱ्यांसमवेत १९७८ मध्ये मांडला. १९८२ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या पेसमेकरची संक्रमित तार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. तिच्यावर गोलाणूंचा जाड थर आवरणात बंदिस्त असलेला दिसला. या रुग्णाच्या रक्तात औषधोपचारानंतरही पुनःपुन्हा जंतू का आढळत होते, हे त्यावरून समजले.

१९८७ मध्ये अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सक अँथनी ग्रिस्टिना यांनी या प्रश्नाला शर्यतीची उपमा दिली. साधन बसविल्यावर त्याच्या पृष्ठभागासाठी शरीरातील ऊतकांच्या कोशिका व सूक्ष्मजंतू यांच्यात चढाओढ लागते. कोशिका आधी पोहोचल्या तर साधन शरीरात सामावले जाते, सूक्ष्मजंतू पोहोचले तर ते गमवावे लागते. यामुळे पृष्ठभाग हा केवळ साधनाचा बाह्य भाग न राहता उपचाराचा मुख्य विषय बनला.

रक्तवाहिनी व कोशिकापटल यांचे अनुकरण : निरोगी रक्तवाहिनीत रक्त आयुष्यभर न गोठता वाहते; म्हणून रक्ताच्या संपर्कात येणाऱ्या साधनांसाठी पहिला आदर्श शरीरातच शोधला गेला. वाहिनीच्या अस्तरावर हिपॅरिनशी साम्य असणारे पदार्थ असतात. हिपॅरिन हा क्लथनरोधी पदार्थ १९१६ मध्ये जे मॅक्लीन यांच्या संशोधनातून ज्ञात झाला होता. १९६३ मध्ये व्हिन्सेंट गॉट व त्यांचे सहकारी यांनी ग्रॅफाइटचा लेप दिलेल्या पृष्ठभागावर हिपॅरिन बांधून रक्त गोठण्यास विलंब लावण्यात यश मिळविले. हिपॅरिनयुक्त लेप पुढे हृदय-फुप्फुस यंत्राच्या नळ्यांसाठी वापरात आले. मात्र यात पृष्ठभाग एका औषधाचा वाहक होता; तो स्वतः निष्क्रिय नव्हता.

पृष्ठभागच निष्क्रिय करण्याची कल्पना तांबड्या रक्तकोशिकेवरून सुचली. १९७७ मध्ये रॉबर्ट झ्वाल व इतर डच शास्त्रज्ञांनी असे दाखविले की, या कोशिकेच्या पटलाचा आतील स्तर रक्तक्लथनास चालना देतो, तर बाहेरील स्तर देत नाही. बाहेरील स्तरात फॉस्फोरिलकोलीन हा गट असलेले फॉस्फोलिपिड विपुल असतात. या गटावर धन व ऋण असे दोन्ही विद्युत् भार असून एकूण भार शून्य असतो. त्याच्याभोवती पाण्याचे रेणू दाट जमतात आणि प्रथिनाला चिकटण्यास वाव मिळत नाही. या माहितीच्या आधारे लंडनमधील डेनिस चॅपमन (१९२७–९९) व त्यांचे सहकारी यांनी १९८४ मध्ये कोशिकापटलाच्या नमुन्यावर बहुवारिके तयार करण्याची दिशा सुचविली. त्यातून पुढे फॉस्फोरिलकोलीनयुक्त स्पर्शभिंगे व हृद्‌रोहिणीत बसविण्याच्या जाळीदार नळ्यांचे लेप तयार झाले.

जपानमध्ये हाच शोध स्वतंत्रपणे चालू होता. टोकिओतील नोबुओ नाकाबायाशी व सहकारी यांनी १९७८ मध्ये हा गट असलेल्या एका मेथॅक्रिलेट संयुगाच्या संश्लेषणाचे वृत्त प्रसिद्ध केले. तथापि ते शुद्ध व पुरेशा प्रमाणात मिळविणे अवघड होते. काझुहिको इशिहारा यांनी ही अडचण दूर करून १९९० च्या सुमारास त्याची उपयुक्त बहुवारिके बनविली. हृदयाला साहाय्य करणाऱ्या शरीरस्थ पंपाच्या आतील भागाला त्यांचा लेप देण्यात आला. २००४ मध्ये तोरू मोरो व सहकारी यांनी खुब्याच्या कृत्रिम सांध्यातील पॉलिएथिलिनाच्या पृष्ठभागावर हे बहुवारिक कलम केल्याचे वृत्त दिले. त्यामुळे सांध्याची झीज पुष्कळच कमी झाली. असे सांधे २०११ पासून जपानमध्ये वापरात आले. येथे मुख्य हेतू जलयुक्त, निसरडा थर मिळविणे हा होता व त्याचा आदर्श सांध्यातील कूर्चेचा पृष्ठभाग हा होता. निसर्गाच्या अनुकरणातून निघालेल्या पृष्ठभागांपैकी रुग्णांपर्यंत सर्वांत आधी व सर्वांत व्यापक प्रमाणात पोहोचला तो हाच प्रकार होय.

पोताचे अनुकरण : दुसऱ्या परंपरेत रसायनापेक्षा पृष्ठभागाच्या सूक्ष्म घडणीला महत्त्व आहे. कमळाच्या किंवा अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, हे भारतीयांच्या फार पूर्वीपासून परिचयाचे असून ‘अळवावरचे पाणी’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला आहे. या गुणधर्माचे शास्त्रीय स्पष्टीकरण जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म बार्थलॉट (जन्म १९४६) यांनी १९७० नंतरच्या दशकात सुरू केलेल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकीय निरीक्षणांतून मिळाले. अनेक जातींची पाने तपासण्यापूर्वी धुवावी लागत. परंतु काही जातींची पाने नेहमीच स्वच्छ असत, व ती गुळगुळीत नसून खडबडीत असत. कमळाच्या पानावर सूक्ष्म उंचवटे व त्यांवर मेणाच्या अतिसूक्ष्म नळ्या असतात. पाण्याचा थेंब या टोकांवर टेकतो, खाली हवा राहते. थेंब घरंगळताना धूळ व बीजुके घेऊन जातो. १९९७ मध्ये बार्थलॉट व क्रिस्टोफ नाइनहाउस यांनी हे विस्ताराने प्रसिद्ध केले. गुळगुळीत तेच स्वच्छ, हा समज त्यामुळे मागे पडला. वैद्यकीय उपयोगात मात्र एक मूलभूत अडचण आहे. साधन शरीरात सतत द्रवात बुडालेले असते. खळग्यांतील हवा हळूहळू विरघळून जाते आणि मग तोच खडबडीतपणा सूक्ष्मजंतूंना आडोसा देऊ शकतो.

पाण्यात बुडूनही स्वच्छ राहणारा आदर्श म्हणून शार्क माशाची त्वचा पुढे आली. फ्लॉरिडा विद्यापीठातील अँथनी ब्रेनन हे अमेरिकन नौदलासाठी विषरहित संचयरोधी पृष्ठभाग शोधीत होते. शार्कच्या त्वचेवर दातांसारखे दिसणारे व उभ्या कंगोऱ्यांचे खवले असतात. त्यांची रचना मूळ खवल्यांहून पुष्कळच लहान प्रमाणात ब्रेनन यांनी सिलिकोनावर उठविली. सु. २ मायक्रोमीटर रुंद व ३ मायक्रोमीटर उंच कंगोरे २ मायक्रोमीटर अंतरावर, निरनिराळ्या लांबीचे, चौकटीच्या नक्षीत बसविलेले असतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत गुळगुळीत सिलिकोनाच्या तुलनेने या नक्षीवर उल्व्हा या हिरव्या शैवलाची बीजुके ८६ टक्क्यांनी कमी बसली. २००७ मध्ये हीच नक्षी वैद्यकाच्या दृष्टीने तपासली गेली. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूने १४ दिवसांत गुळगुळीत पृष्ठभागाचा ५४ टक्के, तर नक्षीदार पृष्ठभागाचा ७ टक्केच भाग व्यापला. २१ व्या दिवशी हे प्रमाण अनुक्रमे ७७ व ३५ टक्के झाले. या आकड्यांवरून या पद्धतीचे बळ व तिची मर्यादा ही दोन्ही दिसतात : नक्षीने जैवपटलाला विलंब लावला, कायमचा प्रतिबंध केला नाही. थोडे दिवस ठेवावयाच्या नळीला असा विलंब मोलाचा ठरू शकतो. वर्षानुवर्षे राहणाऱ्या सांध्याला तो पुरत नाही.

ऑस्ट्रेलियातील एलेना इव्हानोव्हा, रसेल क्रॉफर्ड व सहकारी यांच्या कार्याला अनपेक्षित वळण मिळाले. सिकाडा या कीटकाचे पंख सूक्ष्मजंतूंना दूर ठेवीत असावेत, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात सूक्ष्मजंतू पंखावर चिकटत, पण काही मिनिटांतच मरत. पंखावर सु. २०० नॅनोमीटर उंचीचे बोथट शंकू दाटीने उभे असतात. त्यांवर टेकलेल्या कोशिकेचे पटल ताणले जाऊन फाटते. पंखाला सोन्याचा अत्यंत पातळ लेप दिल्यावरही हा परिणाम कायम राहिला. त्यावरून तो रासायनिक नसून यांत्रिक आहे, हे सिद्ध झाले. हे संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. जाड कोशिकाभित्ती असलेले ग्रॅम-रंजी सूक्ष्मजंतू मात्र सिकाडाच्या पंखावर तग धरतात. २०१३ मध्ये चतुर या कीटकाच्या पंखावर व त्याच्याशी साम्य असणाऱ्या काळ्या सिलिकॉनवर दोन्ही प्रकारचे जंतू मरतात, असे आढळले. यात विष नसले, तरी मेलेल्या कोशिकांचे अवशेष टोकांवर साचून राहण्याचा प्रश्न उरतो.

द्रवाचे व रसायनांचे अनुकरण : घटपर्णी या कीटकभक्षक वनस्पतीच्या कलशाची कड ओली असताना कीटक तिच्यावरून घसरून आत पडतात. कडेच्या सूक्ष्म रचनेत पाण्याचा थर धरून ठेवला जातो व कीटकाचा पाय घन पृष्ठभागाला लागतच नाही, हे २००४ मध्ये होल्गर बोन व वाल्टर फेडर्ले यांनी दाखविले. त्यावरून हार्व्हर्ड विद्यापीठातील जोॲना आयझेनबर्ग व सहकारी यांनी २०११ मध्ये सच्छिद्र घन पदार्थात वंगणासारखा द्रव मुरवून निसरडा पृष्ठभाग तयार केला. २०१२ मध्ये अशा पृष्ठभागावर सात दिवसांत स्यूडोमोनस जंतूचे जैवपटल ९९·६ टक्क्यांनी कमी चिकटल्याचे वृत्त आले. २०१४ मध्ये याच विद्यापीठातील डॉनल्ड इंगबर व सहकाऱ्यांनी नळ्यांच्या आतील पृष्ठभागाला द्रव फ्ल्युओरोकार्बनाचा थर बांधून त्या डुकराच्या रक्ताभिसरणाला जोडल्या. क्लथनरोधी औषध न देताही त्या आठ तासांहून अधिक काळ मोकळ्या राहिल्या. वाहत्या द्रवात हा थर हळूहळू कमी होणे व फ्ल्युओरीनयुक्त संयुगांचे पर्यावरणातील दीर्घकालीन टिकणे, हे या पद्धतीपुढील प्रश्न आहेत.

ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील डेलिसिया पल्क्रा या तांबड्या शैवलावर फारसे जीव चिकटत नाहीत. ते स्रवीत असलेली फ्युरॅनोने सूक्ष्मजंतूंच्या परस्परांतील रासायनिक संकेतांत व्यत्यय आणतात, असे स्टाफान केलबेर्य, पीटर स्टाइनबर्ग व इतर शास्त्रज्ञांना १९९० नंतरच्या दशकात आढळले. याउलट, जहाजांना चिकटणाऱ्या शिणाण्यांनीही या विद्येत भर घातली आहे. त्यांच्या चिकट प्रथिनात डोपा हे ॲमिनो अम्ल असते, हे जे. हर्बर्ट वेट यांनी १९८१ मध्ये दाखविले. फिलिप मेसरस्मिथ व सहकारी यांनी २००३ मध्ये त्याच रासायनिक गटाचा उपयोग संचयरोधी बहुवारिके पृष्ठभागावर घट्ट बसविण्यासाठी केला. जीवसंचय करणाऱ्या प्राण्याचा डिंक अशा रीतीने जीवसंचय रोखण्याच्या कामी आला.

मूल्यमापन : वरील पृष्ठभागांपैकी बहुतेकांचे यश प्रयोगशाळेतील आहे. तेथे बहुधा एकाच जातीचा जंतू, साधे द्रव माध्यम व काही दिवसांचा काळ असतो. शरीरात प्रथिनांचा थर नक्षी झाकून टाकतो, अनेक जाती एकत्र येतात, आणि मूत्रमार्गातील नळीवर क्षारांचे किटणही चढते. प्रयोगशाळेतील गुण रुग्णालयात टिकतोच असे नाही, याचे उदाहरण मारक लेपांच्या बाबतीत मिळाले आहे. २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये सात हजारांहून अधिक रुग्णांवर केलेल्या चाचणीत, थोड्या काळासाठी बसविलेल्या चांदीच्या मिश्रधातूचा लेप असलेल्या मूत्रनळ्यांमुळे लक्षणयुक्त संक्रामण साध्या नळ्यांच्या तुलनेने कमी झाल्याचे आढळले नाही. न चिकटू देणाऱ्या पृष्ठभागांनाही याच कसोटीला उतरावे लागते.

यापेक्षाही खोल कारण निसर्गाच्या आदर्शांतच आहे. कमळाचे पान झिजलेले मेण पुन्हा स्रवते, शार्कचे खवले गळून नवे येतात, रक्तवाहिनीचे अस्तर स्वतःची दुरुस्ती करते व तांबडी कोशिका सु. १२० दिवसांनी बदलली जाते. त्यांची स्वच्छता केवळ आकारात वा रसायनात नसून सततच्या नूतनीकरणातही आहे. साधनाने यांपैकी फक्त पृष्ठभाग उसना घेतलेला असतो. त्यामागचे जिवंत शरीर त्याच्यापाशी नसते. झिजणारा थर स्वतः भरून काढणारे आणि नक्षी, जलयुक्त बहुवारिक व द्रव यांची सांगड घालणारे पृष्ठभाग तयार करण्याकडे संशोधनाचा कल वळला आहे तो यामुळेच. असे पृष्ठभाग सिद्ध होईपर्यंत निर्जंतुक हाताळणी, साधन आवश्यक तेव्हाच बसविणे व गरज संपताच काढून टाकणे, हेच संक्रामण टाळण्याचे सर्वांत भरवशाचे उपाय होत.